दोन जिन : एक कापसाची, एक ज्वारीची



2025 च्या दिवाळीतली गोष्ट. येलदरीला आमच्या ओट्यावर गल्लीतला एक पोरगा येऊन बसला. पुण्याला हॉटेलात नोकरी करतो. म्हणाला, "काका, गावात जिन टाकायची म्हणतो." मी म्हणालो, "लेकरा, मानवत, सेलू, परभणी, कुठं जिन कमी आहेत? असलेल्याच निम्मा हंगाम कुलूप लावून बसतात." तो हसायला लागला. "काका, कापसाची नाही. प्यायची."

पिशवीतून त्याने तांब्याचे पाच लिटरचे भांडे काढले. वर घुमटासारखे झाकण, त्याला वाकडी नळी. घरची ज्वारी, वावरातले धने, बांधावरचा गवती चहा, लिंबाची साल. त्याच्या हॉटेलात म्हणे अशा जिनची बाटली हजाराच्या वर जाते आणि पिणारे विचारतात, यात कुठल्या गावचे धने आहेत. "मग आपल्या गावचे का नाही, काका?"

मी भांडे त्याच्या पिशवीत परत घातले आणि सांगितले, "आधी हे पुण्याला घेऊन जा." त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. जिल्हा बैठकीपुढे तो ठेवतो आहे, कारण प्रश्न एका पोराचा नाही.

जिन म्हणजे काय

आधी वस्तू समजून घेऊ. धान्य दळायचे, शिजवायचे. त्यातल्या पिष्टाची साखर व्हावी म्हणून मोड आणलेले धान्य किंवा विकर घालायचे. मग यीस्ट टाकून चार-पाच दिवस आंबवायचे. त्या आंबोणात सात-आठ टक्के अल्कोहोल तयार होते. पाणी 100 अंशाला उकळते, अल्कोहोल 78 अंशाला. म्हणून तापवले की अल्कोहोलची वाफ आधी निघते आणि ती थंड केली की दारू मिळते. हातभट्टीवाल्याचे आणि शंभर कोटींच्या कारखान्याचे शास्त्र एकच आहे. फरक आहे तो स्वच्छतेचा, मोजमापाचा आणि कागदाचा.

जिनमध्ये यापुढे एक पायरी असते. शुद्ध, बिनवासाचे अल्कोहोल घेऊन त्यात वनस्पती घालतात आणि पुन्हा एकदा गाळतात. मुख्य वनस्पती म्हणजे जुनिपरची फळे. आपल्या आयुर्वेदात तिला हपुषा म्हणतात, ती हिमालयात होते. दुसऱ्या नंबरला धने. जगातल्या बहुतेक जिनमध्ये धने असतातच. मग लिंबूवर्गीय फळांची साल, दालचिनी, ज्येष्ठमध, वेलची. 2017 नंतर गोव्यात अशी जिन करणारे नवे उद्योग उभे राहिले, त्यातल्या एकाने तर जिनचे नावच 'हपुषा' ठेवले. जिनवाले बहुतेक जण मूळ अल्कोहोल मोठ्या कारखान्यातून विकत आणतात आणि लहान तांब्याच्या भांड्यात वनस्पतींबरोबर गाळतात. म्हणजे किंमत वाढवणारी शेवटची पायरी लहान भांड्यातच होते. पोरगा वेडा नव्हता.

हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक क्विंटल ज्वारीत 65 ते 70 किलो पिष्ट असते. चांगल्या कारखान्यात त्यातून 38 लिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल निघते. बाजारातली जिन 42.8 टक्क्यांची. म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल 321 मिलिलिटर. एका क्विंटलच्या 118 बाटल्या झाल्या.

2025-26 सालचा संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये. तो धरला तर एका बाटलीत 31 रुपयांची ज्वारी आहे. धने एक-दोन रुपयांचे. बाकी काच, लेबल, वाहतूक, दुकानदार आणि सगळ्यांत मोठा वाटा सरकारी करांचा. बरे, मोंढ्यात हमीभाव मिळतो कुणाला? सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस लागला की खरिपाच्या ज्वारीचे कणीस काळे पडते आणि अडत्या पोत्यात हात घालून नुसता मान हलवतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर काय कोसळले ते तुम्ही पाहिलेच आहे. काळ्या ज्वारीच्या भीतीने आणि भावाच्या निराशेने आपण खरिपाची ज्वारी सोडली, सोयाबीनच्या मागे गेलो. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावण रिकामी झाली.

हा हिशेब कापूसवाल्याला नवा नाही. एक क्विंटल कापसातून 34-35 किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, सरकीच्या तेलाचा-पेंडीचा वेगळा. पण जिन ज्याची, त्याला दोन्ही बाजार दिसतात. आपल्याला एकच दिसतो, वजनकाट्यासमोरचा. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा स्वतःचा कापूस दुसऱ्या राज्यात नेऊन विकणे हा गुन्हा ठरला होता. सीमेवर बैलगाडी अडवायला पोलीस उभे असत. पिकवायला मोकळीक आणि पिकाची पुढची पायरी बंद, हा कायदा आपण कापसात तीस वर्षे भोगला. ज्वारीच्या जिनमध्ये तोच कायदा दुसऱ्या नावाने उभा आहे.

भट्टी कुणाची गुन्हा, कुणाची उद्योग

इंग्रजांनी 1878 मध्ये मुंबई अबकारी कायदा केला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मक्तेदारांच्या हाती देणे आणि कर गोळा करणे, हा त्यामागचा व्यवहार होता. 1892 मध्ये तर ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींनी मोहाची फुले घरात ठेवण्यावरही बंधन घातले. इंग्रज गेला. 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर आपल्यालाही लागू झाला. त्याच्या कलम 65 प्रमाणे विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य बाळगणे हाही गुन्हा आहे. त्यात तुरुंग आहे. म्हणून पोराला भांडे परत न्यायला लावले. ही नुसती भीती नाही, तुम्हालाही हाच सल्ला आहे. घरी जिन काढू नका.

पण त्याच कायद्याच्या छताखाली काय काय झाले ते पाहा. नाव दारूबंदीचे, आणि राज्याच्या तिजोरीत दारूवरून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर जमा. 2007 मध्ये सरकारने ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण काढले. सांगितले काय, तर काळ्या ज्वारीला भाव मिळेल, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होईल. परवाने गेले मोठ्या भांडवलाकडे. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी धान्यापासून दारू या धोरणाला कडाडून विरोध केला. वाद गाजला, अनुदान अडचणीत आले, पण त्या सगळ्या गोंधळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही : शेतकऱ्यासाठी कारखाना म्हणता, तर कारखाना शेतकऱ्याचा का नाही?

2022 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की मोहफुले, काजूबोंडे यांपासून केलेल्या दारूला 'देशी' ऐवजी 'विदेशी मद्य' म्हणायचे. आपल्या रानातला मोह, आणि वर्ग विदेशी! जून 2025 मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा वर्ग काढला. धान्यापासूनची दारू, राज्यातल्याच उत्पादकांसाठी. चांगले आहे. पण त्या 'उत्पादकां'त ज्वारीचा उत्पादक कुठे बसतो? धान्य पिकवणारा उत्पादक नाही, गाळणारा उत्पादक. आपण फक्त कच्चा माल.

शेजारी काय करतात

गोव्यात काजूच्या हंगामात डोंगरउतारावर लहान लहान भट्ट्या पेटतात. बोंडे तुडवून रस काढतात, आंबवतात आणि 'भाण' नावाच्या भांड्यात गाळतात. पहिल्या धारेचा हुर्राक, दुसऱ्यांदा गाळलेली फेणी. अबकारी खाते दर हंगामाला काजूच्या विभागांचा लिलाव करते, परवाना देते, कर घेते. कुणी गुन्हेगार ठरत नाही. तिथे अनंतमुळाची, आल्या-जिऱ्याची फेणीही करतात. वनस्पती घालून लहान भांड्यात गाळलेली ती दारू म्हणजे जिनची चुलत बहीणच म्हणा. 2009 मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून आदिवासी बचत गटांना ती करण्याचे धोरण आणले. चीनचे माओताई हे नावाजलेले मद्य कशाचे असते? ज्वारीचे! ते करणारी कंपनी जगातल्या सर्वांत श्रीमंत मद्य कंपन्यांत गणली जाते. आपली ज्वारी मात्र पशुखाद्याच्या भावात.

इंग्लंडमध्येही लहान भांड्याला परवाना मिळत नसे. 1,800 लिटरपेक्षा लहान भट्टीला परवानगी द्यायची नाही, असा अबकारीवाल्यांचा शिरस्ता होता. लंडनमधल्या एका छोट्या जिनवाल्यांनी त्याच्याशी भांडून 2009 मध्ये परवाना मिळवला. त्यानंतर तिथे लहान भट्ट्यांची रांग लागली. शिरस्ता मोडायला एक अर्ज आणि चिकाटी लागली, क्रांती नाही.

पण लंडनची दुसरी गोष्टही ऐका

मी एकच बाजू सांगून टाळ्या घेणार नाही. इंग्लंडमध्ये जिन फोफावली ती 1690 च्या कायद्यानंतर. तिथल्या जमीनदारांचे धान्य पडून होते, पार्लमेंटमध्ये तेच बसलेले. त्यांनी धान्यापासून दारू गाळायला मोकळे रान दिले. धान्याला गिऱ्हाईक मिळाले. आणि लंडनच्या गरीब वस्त्या जिनमध्ये बुडाल्या. आया लेकरे टाकून पिऊ लागल्या. 1736 मध्ये सरकारने वर्षाला 50 पौंडांचा जबर परवाना लावला, तर चोरून विक्री वाढली आणि 1743 मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. 1751 मध्ये बेताचा कर आणि विक्रीच्या दुकानांवर कडक नजर असा मधला रस्ता निघाला. 1757 मध्ये पीक बुडाले तेव्हा धान्य गाळणेच काही वर्षे बंद केले. तीनशे वर्षांपूर्वीचा हा धडा आहे. नुसते मोकळे रान घातक, नुसती बंदीही फसवी.

मायबहिणींचा प्रश्न

पोराची गोष्ट मी गावातल्या बायकांच्या बैठकीत सांगितली. एक मावशी उठली. "दादा, तुझा चुलतभाऊ कशानं गेला?"

दारूने गेला. सात एकरांतले तीन एकर आधी गेले, मग तो गेला. मागे वहिनी आणि दोन पोरी. मी मान खाली घातली. नंतर एवढेच म्हणालो की तो पीत होता ती हातभट्टीची नव्हती, परवान्याच्या दुकानातली, लेबल लावलेली होती. मावशी म्हणाली, "लेबलानं काळीज वेगळं जळतं का?"

मी दुसरा मार्ग काढला. गावात एक थेंब विकायची नाही, सगळी शहरात जाईल. ती म्हणाली, "तिथल्या बाईचा संसार संसार नाही का?" या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. एवढेच म्हणतो : शहरात आज जी बाटली विकली जाते ती आपण गाळली नाही म्हणून कमी होत नाही. आपण गाळली म्हणून एक बाटली वाढणार असेल, तर मात्र मावशी खरी.

म्हणूनच माझ्या मागणीत पहिली अट बायकांची आहे. दारूचे दुकान बंद करायला गावातल्या निम्म्यापेक्षा जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. भट्टीच्या बाबतीत हे उलटे हवे. निम्म्यापेक्षा जास्त बायकांनी आधी 'हो' म्हटल्याशिवाय शेतकरी गटाला परवानाच मिळू नये, आणि नंतर त्यांनी 'नाही' म्हटले तर तो रद्द व्हावा. वर्धा, गडचिरोलीसारख्या बंदीच्या जिल्ह्यांत तर प्रश्नच येत नाही.

कृषी पदवीधर म्हणून दोन धोक्यांच्या सूचना. पहिली विषारी दारूची. जून 2015 मध्ये मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलने. ते मिथेनॉल ज्वारीतून आलेले नव्हते. कारखान्यात लागणारे रसायन दारू म्हणून विकले होते. धान्याच्या आंबोणात मिथेनॉल फारच थोडे असते, आणि पहिली धार जाणकार फेकून देतात. तरीही चाचणीशिवाय कुठलीही बाटली बाहेर जाता कामा नये. शिवाय अल्कोहोलची वाफ पेट घेते, उघड्या चुलीवर हे काम म्हणजे घर जाळणे. दुसरी सूचना काळ्या ज्वारीची. बुरशीचे विष वाफेबरोबर वर जात नाही, खालच्या चोथ्यात राहते, उलट दाट होते. काळ्या ज्वारीचा चोथा गाई-म्हशींना घालणे धोक्याचे. 'वाया काहीच जात नाही' म्हणणाऱ्या भाषणबाजांना हे विचारा.

आज काय करता येते

परवाना मिळेल तेव्हा मिळेल. ज्या भांड्यात जिन निघते त्याच तत्त्वाने सुगंधी तेल निघते, आणि त्याला दारूबंदीचा कायदा आड येत नाही. हे आपल्याकडे नवे नाही. खानदेशात, पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला, ओढ्याकाठी भट्ट्या लावून रोशा गवताचे तेल काढत. ते मुंबईच्या बंदरातून तुर्कस्थानात जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई आणि बाजारात त्याला नाव होते 'तुर्की जिरेनियम'! गवत आपले, घाम आपला, नाव तुर्कस्थानचे. हिशेब तोच.

आता केंद्राच्या सीएसआयआरच्या 'अरोमा मिशन'मधून गटांना ऊर्ध्वपातन संच आणि शिक्षण मिळते. गवती चहाच्या एक क्विंटल ओल्या गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल निघते. मुरमाड, उताराच्या जमिनीत ते टिकते. पण कोरफड आणि सफेद मुसळीच्या वेळी काय झाले ते विसरू नका. रोपे विकणारे श्रीमंत झाले, लावणारे बुडाले. आधी खरेदीदार, मग लागवड. एक एकर करून बघा, दहा नको. आणि धने पिकवणाऱ्यांनी एवढे करावे : चाळलेला, सावलीत वाळवलेला, एकसारखा माल गटाने गोळा करून थेट मसालेवाल्या-जिनवाल्यांना नमुना पाठवावा. पोरगा म्हणाला ते आठवा, पिणारे गावाचे नाव विचारतात. नाव विचारणाऱ्याला माल थेट विकता आला पाहिजे.

ठराव

जिल्हा बैठकीत मी पुढील ठराव मांडणार आहे.

1. शेतकरी गटांना आणि उत्पादक कंपन्यांना लहान भट्टीचा वेगळा परवाना द्यावा. त्याची फी लहान असावी, तपासणी मोठ्या कारखान्याइतकीच कडक असावी, आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत चाचणी सक्तीची असावी.

2. ग्रामसभा आणि महिलांचे मतदान यांच्या होकाराशिवाय परवाना नाही. त्या गावात विक्री नाही.

3. 'महाराष्ट्र मेड लिकर'चा परवाना असलेल्या कारखान्यांनी कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या भावाने, किती ज्वारी घेतली ते दरवर्षी जाहीर करावे. हमीभावाखाली खरेदी करणाऱ्यास शेतकऱ्याच्या नावाने सवलत नको.

तिसऱ्या मागणीला कुणाचीच हरकत नसावी. पहिली दोन वादाची आहेत, आणि वाद व्हावा. दारू हवी की नको हे मी तुम्हाला सांगायला आलो नाही. मी स्वतः पीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे : जर राज्य ज्वारीची दारू होऊ देणारच असेल, आणि ते होऊ देतेच आहे, तर ज्वारी पिकवणाऱ्याला फक्त पोते उचलायला ठेवणे हा न्याय नाही. आणि हा न्याय मागताना ज्यांच्या अंगावर दारूचा मार पडतो त्यांना न विचारणे, हाही न्याय नाही.

म्हणून बैठकीला एकटे येऊ नका. घरच्या लक्ष्मीला, आईला, वहिनीला घेऊन या. ठराव त्यांनी पाडला तर तो पडला, मी तो दुसऱ्यांदा आणणार नाही. पोराला मी तसे सांगून ठेवले आहे. मावशीलाही निरोप दिला आहे. ती येते म्हणाली.